नात्यांचे शब्द आणि आनुवंशिक गुण

१. एक शब्द, अनेक नाती

शाळेत इंग्रजी भाषेचा अभ्यास सुरू झाला म्हणजे थोड्याच दिवसांत विद्यार्थ्यास एका गोष्टीचे नवल वाटू लागते. घरी ज्यांना आपण काका, मामा, आतोबा अशा निरनिराळ्या नावांनी हाक मारतो, त्या सर्वांसाठी इंग्रजीत 'अंकल' हा एकच शब्द आहे. आत्या, मावशी, काकू आणि मामी ह्या चौघींची बोळवण 'आंट' ह्या एका शब्दावर होते. चुलत, आते, मामे आणि मावस अशी चार प्रकारची भावंडे आपण मोजतो. इंग्रजीत ती सारी 'कझिन', आणि त्या शब्दावरून भाऊ की बहीण हेदेखील कळत नाही. पुरुषाच्या भावाचा मुलगा तो पुतण्या आणि बहिणीचा मुलगा तो भाचा; इंग्रजीत दोघेही 'नेफ्यू'.

आईकडील नाते आणि वडिलांकडील नाते ह्यांत भेद करण्याची ही पद्धत मराठीपुरती मर्यादित नाही. हिंदीत चाचा आणि मामा, फूफी आणि मौसी हे शब्द वेगळे आहेत. बंगालीत काका आणि मामा, पिशी आणि माशी वेगळ्या आहेत. तमिळसारख्या द्राविडी भाषांतही वडिलांचा भाऊ आणि आईचा भाऊ ह्यांस एकच शब्द चालत नाही.

आता प्रश्न असा की, शब्दांचा हा भेद केवळ रूढीचा आहे, की निसर्गातही त्याला काही आधार आहे? आईवडिलांपासून मुलांकडे गुण कसे उतरतात, ह्याचा विचार करणारे जे अनुवंशशास्त्र, ते ह्या प्रश्नाचे मोठे मार्मिक उत्तर देते. काही गुणांच्या बाबतीत मामा आणि काका ह्यांत तिळमात्र फरक नसतो. काही रोगांच्या बाबतीत मात्र तो फरक इतका मोठा असतो की, त्यावर एखाद्या मुलाचे प्राण अवलंबून राहावेत. इस्पितळातील इंग्रजी कागदावर 'फॅमिली हिस्टरी' असे शब्द छापलेले असतात आणि त्यापुढे थोडी जागा कोरी ठेवलेली असते. तेथे 'अंकल' एवढेच लिहिले, तर कित्येकदा नेमकी महत्त्वाची गोष्टच लिहावयाची राहून जाते.

२. इंग्रजी शब्दांचा पूर्वेतिहास

इंग्रजी भाषेत हा भेद पहिल्यापासून नव्हता असे मात्र नाही. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत आईच्या भावास 'एआम' आणि वडिलांच्या भावास 'फेडेरा' असे दोन स्वतंत्र शब्द होते. मावशी आणि आत्या ह्यांनाही निराळी नावे होती. इ. स. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले. त्यानंतर राजदरबारी फ्रेंच भाषेचा प्रभाव वाढला आणि तिच्यातील शब्दांनी हळूहळू जुन्या शब्दांची जागा घेतली.

हे फ्रेंच शब्द लॅटिन भाषेतून आले होते आणि लॅटिनमध्येही हा भेद काटेकोर होता. आईचा भाऊ तो 'अव्हुन्क्युलस', वडिलांचा भाऊ तो 'पत्रुउस'. वडिलांची बहीण ती 'अमिता', आईची बहीण ती 'मातेर्तेरा'. ह्यांपैकी 'अव्हुन्क्युलस'पासून 'अंकल' आणि 'अमिता'पासून 'आंट' हे शब्द झाले. म्हणजे मुळात पाहिले तर 'अंकल' हा आपला मामा आणि 'आंट' ही आपली आत्या! पुढे ह्या शब्दांनी इतर नात्यांनाही आपल्या पोटात घेतले.

ह्या प्रवासात आपल्या ओळखीचे दुवेही भेटतात. लॅटिन 'पत्रुउस' आणि संस्कृत 'पितृव्य' हे सगोत्र शब्द होत. 'नेफ्यू' हा शब्द लॅटिन 'नेपोस' ह्यापासून आला. त्याचाच संस्कृतातील भाऊबंद 'नप्तृ', आणि 'नप्तृ'पासून आपला मराठी 'नातू'. शब्दांचीही कुळे असतात आणि एकाच मूळ पुरुषाचे वंशज दूरदूरच्या देशांत वेगळी रूपे घेऊन नांदत असतात, हे ह्यावरून ध्यानात येईल.

३. गुण कसे उतरतात

"मुलगा अगदी बापाच्या वळणावर गेला आहे," असे आपण म्हणतो. इंग्रजीत ह्याच अर्थी 'टेक आफ्टर' असा शब्दप्रयोग आहे. मुलाचे नाक वडिलांसारखे, आवाज मामासारखा, चालण्याची लकब आजोबांसारखी, अशी तुलना प्रत्येक घरी चालते. परंतु ह्या साम्यामागे निश्चित गणिती नियम आहेत, हे प्रथम दाखवून दिले ते ग्रेगॉर मेंडेल ह्या धर्मोपदेशकाने.

आजच्या चेक प्रजासत्ताकातील ब्र्नो ह्या गावी एका मठाच्या बागेत मेंडेलने १८५६ ते १८६३ ह्या काळात वाटाण्याच्या रोपांवर प्रयोग केले. गोल दाण्यांच्या आणि सुरकुतलेल्या दाण्यांच्या शुद्ध जातींचा त्याने संकर केला, तेव्हा पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल निघाले. सुरकुती जणू नाहीशीच झाली. परंतु त्या दाण्यांपासून वाढविलेल्या रोपांचे स्वपरागण होऊ दिल्यावर पुढच्या पिढीत ती पुन्हा प्रकट झाली. त्या पिढीतील ७,३२४ दाण्यांपैकी ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले होते. म्हणजे जवळजवळ तीनास एक असे प्रमाण पडले. मेंडेलने आपला निबंध १८६५ मध्ये वाचला व १८६६ मध्ये तो छापून निघाला. त्याचे मोल मात्र जगास १९०० मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर सोळा वर्षांनी कळले.

ह्या प्रयोगाचा अर्थ असा : प्रत्येक गुणासाठी सजीवाजवळ दोन घटक असतात, एक आईकडून आलेला आणि एक वडिलांकडून आलेला. ह्या घटकांस आज आपण जनुके म्हणतो. दोहोंपैकी एक प्रभावी असेल, तर दुसऱ्याचे अस्तित्व बाहेरून दिसत नाही. तो अप्रभावी घटक नष्ट मात्र होत नाही. तो पिढ्यान्‌पिढ्या गुप्त राहतो आणि तसाच दुसरा जोडीदार मिळताच प्रकट होतो. ज्याच्या अंगी असा घटक गुप्तपणे राहतो, परंतु ज्याला स्वतःला रोग होत नाही, त्यास 'वाहक' असे म्हणतात.

मनुष्याची जनुके त्याच्या पेशींतील गुणसूत्रांवर असतात. ही गुणसूत्रे ४६ आहेत, हे १९५६ मध्ये त्यो आणि लेव्हान ह्या शास्त्रज्ञांनी निश्चित केले. त्यांपैकी २३ आईकडून आणि २३ वडिलांकडून येतात.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. उंची, त्वचेचा वर्ण, बुद्धी ह्यांसारखे गुण एकेका जनुकावर ठरत नाहीत. अनेक जनुके आणि त्यांच्या जोडीला आहार, आरोग्य, शिक्षण व परिस्थिती ह्या सर्वांचा तो एकत्रित परिणाम असतो. म्हणून "अमक्याच्या घराण्यात विद्याच नाही" असल्या विधानांस शास्त्राचा काडीचाही आधार नाही.

४. नात्यांचे अपूर्णांक

प्रत्येक अपत्य आईकडून निम्मी आणि वडिलांकडून निम्मी जनुके घेते. ह्या एका विधानावरून सर्व नात्यांचा हिशेब मांडता येतो. सख्ख्या भावंडांत सरासरीने निम्मा वारसा समान असतो. आजोबा आणि नातू, मामा आणि भाचा, काका आणि पुतण्या, आत्या आणि भाची, मावशी आणि तिच्या बहिणीची मुले, ह्या सर्व जोड्यांत तो एक-चतुर्थांश असतो. चुलत, आते, मामे व मावस भावंडांत तो एक-अष्टमांश भरतो.

काकू, मामी आणि आतोबा ह्यांच्याशी मात्र आपले रक्ताचे नाते नसते, कारण ही माणसे विवाहामुळे कुटुंबात आलेली असतात. इंग्रजीत 'आंट' हा शब्द मावशीला लागू पडतो, तसाच तो मामीलाही लागू पडतो. परंतु आनुवंशिक रोगाचा विचार करताना पहिलीचा संबंध असतो आणि दुसरीचा नसतो. मराठी शब्दांत हा विवेक आपोआपच साधला गेला आहे.

तथापि ह्या अपूर्णांकांच्या दृष्टीने पाहता मामा आणि काका सारखेच ठरतात. मग त्यांत फरक पडतो तो कोठे? त्यासाठी एका विशिष्ट गुणसूत्राकडे वळले पाहिजे.

५. मामा आणि काका ह्यांतील भेद

मनुष्याच्या २३ जोड्यांपैकी एक जोडी लिंग ठरविते. स्त्रीमध्ये ह्या जोडीतील दोन्ही सूत्रे 'क्ष' प्रकारची असतात. इंग्रजीत त्यास 'एक्स' म्हणतात. पुरुषात एक 'क्ष' आणि एक 'य', म्हणजे 'वाय', असते. मुलास 'य' सूत्र वडिलांकडून मिळते. म्हणून त्याचे एकुलते एक 'क्ष' सूत्र आईकडूनच आलेले असले पाहिजे.

रक्त गोठण्यास लागणाऱ्या काही द्रव्यांची जनुके ह्या 'क्ष' सूत्रावर असतात. त्यांत दोष असला म्हणजे हिमोफिलिया नावाचा रोग होतो. रोग्यास लहानशी इजा झाली, दात काढला किंवा शस्त्रक्रिया केली तरी रक्त लवकर थांबत नाही. गुडघ्यासारख्या सांध्यांत आतल्या आत रक्त साचून ते कायमचे निकामी होतात. स्त्रीच्या एका 'क्ष' सूत्रावर दोष असला, तरी दुसरे निरोगी सूत्र बहुधा वेळ निभावून नेते. अशी स्त्री वाहक होते. काही वाहक स्त्रियांस मात्र नेहमीपेक्षा अधिक रक्तस्राव होतो, म्हणून त्यांचीही तपासणी झाली पाहिजे. पुरुषाजवळ असे दुसरे सूत्रच नसते, आणि त्यामुळे त्याच्यात रोग प्रकट होतो.

आता नात्यांचा हिशेब पाहा. मुलाचे 'क्ष' सूत्र आईचे. आईस ते तिच्या आईकडून मिळालेले असले, तर त्याच आजीपासून मामासही तेच सूत्र मिळण्याचा संभव निम्मा असतो. म्हणून मामास, आईच्या मामास किंवा मावसभावास हिमोफिलिया असेल, तर तो मुलाच्या दृष्टीने धोक्याचा कंदील होय. उलट काकास, चुलतभावास किंवा आतेभावास तो रोग असला, तरी त्याचे सूत्र ह्या मुलाकडे येण्याचा मार्गच नसतो; कारण वडिलांनी त्यास 'य' दिलेले असते, 'क्ष' नव्हे. दंतवैद्याने "घरात कोणास रक्त न थांबण्याचा विकार आहे काय?" असे विचारल्यावर "एका अंकलला होता" हे उत्तर अपुरे आहे, आणि "मामाला होता" हे उत्तर पुरेसे आहे. ज्यास इंग्रजीतच उत्तर द्यावयाचे असेल, त्याने मामासाठी 'मॅटर्नल अंकल' आणि काकासाठी 'पॅटर्नल अंकल' असे म्हणावे. मातृपक्ष आणि पितृपक्ष दाखविणारी ही विशेषणे इंग्रजीत अशा प्रसंगांसाठीच वापरतात.

ही गोष्ट मनुष्याच्या अवलोकनात फार पूर्वीच आली होती. ज्यू लोकांच्या 'तालमूद' ह्या ग्रंथात सुंतेनंतर ज्यांची मुले दगावली अशा बहिणींचा उल्लेख असून, पुढच्या बहिणीने आपल्या मुलाची सुंता करू नये असा निर्णय दिलेला आहे. गुणसूत्रांची कल्पनाही नसलेल्या काळात धर्मपंडितांनी मावसभावांचे नाते नेमके हेरले होते. १८०३ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील डॉक्टर जॉन कॉनराड ऑटो ह्यांनी असे लिहून ठेवले की, हा विकार पुरुषांस होतो, परंतु तो पुढे पोचविण्याचे काम निरोगी स्त्रियांकडून होते.

६. एका राजघराण्याची वंशावळ

इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया (१८१९–१९०१) हिच्या घराण्याच्या इतिहासात ह्या नियमाचे जगप्रसिद्ध उदाहरण सापडते. राणी स्वतः वाहक होती. तिच्या वडिलांना हा रोग नव्हता. तेव्हा तिच्यापाशी आलेला दोष बहुधा नव्यानेच उत्पन्न झाला असावा. असे नवे बदल दुर्मिळ नाहीत. हिमोफिलियाच्या सुमारे एक-तृतीयांश रोग्यांच्या घराण्यात पूर्वी कोणासही तो रोग झालेला आढळत नाही.

राणीच्या नऊ अपत्यांपैकी लिओपोल्ड ह्या मुलास हिमोफिलिया होता. १८८४ मध्ये पडण्याचे निमित्त होऊन तो तिशीतच मरण पावला. अ‍ॅलिस आणि बिअ‍ॅट्रिस ह्या दोन मुली वाहक होत्या. अ‍ॅलिसचा लहान मुलगा फ्रिड्रिख १८७३ मध्ये खिडकीतून पडला आणि रक्तस्रावाने गेला. अ‍ॅलिसची मुलगी आयरीन हिच्या वाल्डेमार आणि हाइनरिख ह्या मुलांना हाच रोग होता. अ‍ॅलिसची दुसरी मुलगी अलेक्झांड्रा हिचा विवाह १८९४ मध्ये रशियाचा सम्राट दुसरा निकोलस ह्याच्याशी झाला. त्यांना चार मुलींच्या पाठीवर १९०४ मध्ये अलेक्सेई हा मुलगा झाला. तोच गादीचा वारस, आणि त्यास हिमोफिलिया होता. बिअ‍ॅट्रिसची मुलगी स्पेनची राणी झाली; तिच्या दोन मुलांनाही हा रोग होता.

अलेक्सेईची नाती मराठीत मांडून पाहावीत. फ्रिड्रिख हा त्याचा मामा. वाल्डेमार आणि हाइनरिख हे मावसभाऊ. लिओपोल्ड हा आईचा मामा. स्पेनचे राजपुत्र हे आईच्या मावसबहिणीचे मुलगे. प्रत्येक नाते आईच्या बाजूचे आहे. वडिलांच्या रोमानोव्ह घराण्यातील एकही नाव ह्या यादीत येत नाही. इंग्रजीत हीच यादी 'अंकल', 'कझिन', 'ग्रेट-अंकल' अशा शब्दांनी लिहिली, तर तिच्यातील मूळ सूत्रच दिसेनासे होते. रशियन राजकुटुंबाची १९१८ मध्ये हत्या झाली. त्यांच्या अस्थींची पुढे जी जनुकीय तपासणी झाली, तिच्यावरून २००९ मध्ये असे सिद्ध झाले की, हा रोग हिमोफिलिया बी, म्हणजे रक्त गोठविणाऱ्या नवव्या घटकातील दोष होता.

लिओपोल्डच्या शाखेत आणखी एक नियम दिसतो. त्याचा मुलगा निरोगी होता. परंतु त्याची मुलगी वाहक होती आणि तिच्या मुलास, म्हणजे लिओपोल्डच्या नातवास, हिमोफिलिया होता. बाप आपले 'क्ष' सूत्र प्रत्येक मुलीस देतो आणि एकाही मुलास देत नाही. म्हणून रोगी पुरुषाच्या सर्व मुली वाहक होतात. ह्या ठिकाणी मात्र आपली मराठी थोडी उणी पडते. मुलाचा मुलगा आणि मुलीचा मुलगा ह्या दोघांनाही आपण नातूच म्हणतो. संस्कृतात पौत्र आणि दौहित्र असे दोन शब्द आहेत. हिंदीत पोता आणि नाती आहेत. हिमोफिलिया झालेल्या आजोबांपासून दौहित्रास धोका असतो, पौत्रास नसतो. हे सांगताना मराठीत "मुलीचा मुलगा" असे स्पष्ट म्हणावे लागते.

७. जेथे मामा आणि काका सारखेच

वर सांगितलेला भेद 'क्ष' सूत्रापुरता आहे. सिकलसेल, थॅलसिमिया ह्यांसारख्या रोगांची जनुके उरलेल्या २२ जोड्यांतील गुणसूत्रांवर असतात. तेथे दोष आईकडून आला काय किंवा वडिलांकडून आला काय, परिणाम एकच. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्यास रोग होण्याचा संभव एक-चतुर्थांश असतो. "पहिले मूल आजारी निपजले, आता पुढची तिघे निरोगी होतील" असा हिशेब कोणी करू नये. नाणे प्रत्येक वेळी नव्यानेच उडविले जाते.

ह्या रोगांच्या बाबतीत रूढी आणि निसर्ग ह्यांचे मार्ग निराळे होतात. डॉ. इरावती कर्वे ह्यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतातील नातेसंबंधांवरील ग्रंथात देशाच्या निरनिराळ्या भागांतील विवाहनियमांची तुलना केली आहे. उत्तर भारतात नात्यातील विवाह सामान्यतः वर्ज्य मानतात; दक्षिणेत मामा-भाचीचे आणि आते-मामे भावंडांचे विवाह रूढ होते; महाराष्ट्रात काही समाजांत मामाची मुलगी करण्याची चाल होती. सून सासऱ्यास 'मामंजी' आणि सासूस 'आत्याबाई' म्हणत असे, ती ह्या जुन्या चालीची खूण होय. चुलतबहीण मात्र सख्ख्या बहिणीसारखी, म्हणून विवाहास अयोग्य मानली गेली.

अनुवंशशास्त्राच्या तराजूत मामेबहीण आणि चुलतबहीण ह्यांचे वजन सारखेच भरते. एक साधे गणित करू. आजोबा एखाद्या अप्रभावी रोगाचे वाहक आहेत असे समजा. नातवंडांपैकी कोणीही वाहक असण्याचा संभव एक-चतुर्थांश. दोन आते-मामे भावंडांचा विवाह झाला, तर दोघेही वाहक असण्याचा संभव एक-षोडशांश, आणि त्यांच्या अपत्यास रोग होण्याचा संभव त्याच्या एक-चतुर्थांश, म्हणजे चौसष्टांत एक. त्याच नातवाने नात्याबाहेरील मुलीशी विवाह केला आणि तिच्या समाजात शंभरांत एक मनुष्य वाहक असला, तर हा संभव सोळाशेंत एक एवढाच राहतो. धोका पंचवीस पटींनी उतरला. आजोबा वाहक होते हे बहुधा कोणास ठाऊकच नसते, म्हणून हे गणित लक्षात ठेवावयाचे. नात्यात विवाह केलेल्या बहुसंख्य जोडप्यांची मुले निरोगीच असतात, हेही तितकेच खरे आहे. तेव्हा अशा कुटुंबांस नावे ठेवण्याचे कारण नाही. विवाहापूर्वी किंवा गर्भारपणाच्या आरंभी रक्ताची तपासणी करून घेणे हाच शहाणपणाचा मार्ग होय.

भारतात सिकलसेलचा शोध प्रथम १९५२ मध्ये निलगिरी पर्वतातील आदिवासींत लागला. पुढे मध्य भारतातील, विदर्भातील व इतर प्रदेशांतील अनेक समाजांत तो आढळून आला. भारत सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे ह्या रोगाच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. सात कोटी लोकांची तपासणी करणे आणि २०४७ पर्यंत रोगाचे निर्मूलन साधणे, हे तिचे उद्दिष्ट ठरविण्यात आले.

८. मुंबईचे नाव लाभलेला रक्तगट

सख्ख्या भावंडांचे मोल दाखविणारे एक उदाहरण आपल्याच देशातील आहे. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांचे सहकारी ह्यांनी मुंबईत एक अपूर्व रक्तगट शोधून काढला. तो जगभर 'बॉम्बे' रक्तगट ह्या नावाने ओळखला जातो. ए आणि बी हे रक्तगट ज्या पायाभूत द्रव्यावर उभे राहतात, ते 'एच' नावाचे द्रव्यच ह्या व्यक्तींच्या रक्तपेशींवर नसते. साध्या तपासणीत त्यांचे रक्त 'ओ' गटाचे भासते. परंतु 'ओ' गटाचे रक्त त्यांना दिले तर प्राणावर बेतते, कारण त्या रक्तात 'एच' द्रव्य भरपूर असते. त्यांना त्यांच्याच गटाचे रक्त मिळावे लागते, आणि असा मनुष्य भारतात सुमारे दहा हजारांत एक सापडतो.

हा गुण अप्रभावी आहे. आईवडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक भावंडात तो उतरण्याचा संभव एक-चतुर्थांश असतो. कोठे दहा हजारांत एक आणि कोठे चारांत एक! म्हणून असा रोगी आढळला म्हणजे डॉक्टर प्रथम त्याच्या सख्ख्या भावाबहिणींस बोलावून घेतात.

९. जेथे इंग्रजी शब्द अधिक नेमका आहे

मराठी शब्द सर्वत्र सरस आहेत असा समज मात्र करून घेऊ नये. 'सावत्र भाऊ' हा आपला शब्द दोन निराळ्या नात्यांना लागू पडतो. ज्यांचा बाप एक आणि आई निराळी, किंवा आई एक आणि बाप निराळा, त्यांना इंग्रजीत 'हाफ-ब्रदर' म्हणतात. त्यांच्यात एक-चतुर्थांश वारसा समान असतो. आईवडिलांच्या पुनर्विवाहामुळे जे एका घरात आले, परंतु ज्यांचे आईबाप दोन्ही वेगळे, ते 'स्टेप-ब्रदर'. त्यांच्यात रक्ताचे नाते मुळीच नसते. डॉक्टरांस 'सावत्र' एवढेच सांगून भागत नाही.

तसेच 'इन-लॉ' ह्या शेपटाचे. दीर, मेहुणा आणि साडू ह्या तिघांनाही इंग्रजीत 'ब्रदर-इन-लॉ' म्हणतात. कायद्याने किंवा धर्मनियमाने झालेला भाऊ, असा त्याचा अर्थ. नाते विवाहाचे आहे, रक्ताचे नव्हे, ही गोष्ट तो शब्द स्वच्छ सांगतो.

आणखी एक जोडी विद्यार्थ्याने पक्की ध्यानात ठेवावी : 'कंजेनिटल' म्हणजे जन्मजात आणि 'हेरेडिटरी' म्हणजे आनुवंशिक. हे शब्द समानार्थी नव्हेत. गर्भारपणी आईस रुबेला, म्हणजे जर्मन गोवर, झाल्यामुळे मुलास जन्मतःच बहिरेपण आले, तर ते जन्मजात आहे, आनुवंशिक नव्हे. उलट हंटिंग्टनचा रोग आनुवंशिक असूनही बहुधा प्रौढ वयात प्रकट होतो.

१०. कुटुंबाची वंशावळ

ह्या माहितीचा उपयोग प्रत्येक घरी करता येईल. एका कागदावर पुरुषासाठी चौकोन आणि स्त्रीसाठी वर्तुळ काढावे. पतिपत्नींस आडव्या रेघेने जोडावे आणि त्या रेघेखाली मुले जन्मक्रमाने मांडावीत. विवाह नात्यात झाला असेल, तर ती आडवी रेघ दुहेरी काढावी. ज्यास रोग असेल, त्याचे चिन्ह भरून टाकावे. आजोबा-आजीपासून निदान तीन पिढ्या लिहाव्यात. बालपणी दगावलेली मुले वगळू नयेत, कारण रोगाचा धागा कित्येकदा तेथेच सापडतो. वृद्ध माणसे हयात आहेत तोवर त्यांना विचारून घ्यावे. जगभरचे डॉक्टर हीच चिन्हे वापरतात. त्यामुळे असा कागद कोणत्याही भाषेच्या डॉक्टरास वाचता येतो.

शेवटी एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. हिमोफिलिया आईकडून येतो हे कळताच त्या आईस बोल लावण्याकडे कित्येक घरांचा कल होतो. हे अन्यायाचे आहे आणि अज्ञानाचेही आहे. कोणते गुणसूत्र आपल्या अपत्यास द्यावे, हे कोणत्याही आईच्या हाती नसते आणि बापाच्याही हाती नसते. उलट आपण वाहक आहो हे ज्या स्त्रीस कळले, तिला आपल्या मुलाचे रक्षण करण्याची संधी मिळाली. रक्त गोठविणारे घटक टोचून देण्याची सोय आज उपलब्ध आहे. भारताच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हिमोफिलिया, थॅलसिमिया आणि सिकलसेल ह्या तिन्ही रोगांचा समावेश आहे. जे वेळेवर कळले, त्यावर उपाय योजता येतो.

आपल्या पूर्वजांनी मामा, काका, आत्या आणि मावशी ह्यांना स्वतंत्र नावे दिली, ती मानपान, वाटणी आणि सोयरीक ह्यांच्या सोयीसाठी. त्या नावांचा उपयोग आज आपल्याला आरोग्यासाठीही करून घेता येतो. इंग्रजी अवश्य शिकावी. मात्र तिच्यात नाते सांगताना ते आईकडील की वडिलांकडील, रक्ताचे की विवाहाचे, एवढे दोन शब्द अधिक जोडण्यास विसरू नये.